समुद्राकडचं दार

"मिस हेस्टर, आज अपघातवाले की घातपातवाले?" पंपघराच्या समुद्राकडच्या दारापाशी उभ्या असलेल्या सारेल स्वार्टबोईनं विचारलं. "म्हणजे साखळी काढू, की असू दे?"

चहात साखर घालू का, असं विचारावं इतक्या सहज त्यानं विचारलं. हेस्टर फिलँडरला आधी हसूच आलं. सारेल तिच्याच वयाचा, वाकलेला, कानावर पेन्सिल अडकवलेला. या दारावर तो होता तेवढीच वर्षं ती इथं येत होती, आणि त्याच्या तोंडून निघालेलं कुठलंही वाक्य तिला आजवर टोचलं नव्हतं. पंपांची घरघर पायांच्या तळव्यांतून वर चढत होती. खाऱ्या ओलीचा आणि गरम तेलाचा तो ओळखीचा वास होता. अपघातवाले म्हणजे ती आणि तिची शाखा: नळ फुटला, आग लागली, वाफ कोंडली, तर काय, हे बघणारे. घातपातवाले म्हणजे दुसरी शाखा: कुणी कुंपण ओलांडून आत शिरलं तर काय, हे बघणारे. शहरातल्या कार्यालयात दोन्ही शाखांना लांबलचक नावं होती, पण क्लिपडुइनच्या अणुवीज केंद्रात शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे असंच म्हणत. आज पहिल्यांदा दोन्ही शाखा एकत्र आल्या होत्या. एकच फेरी, एकच दिवस, आदल्या संध्याकाळी दिलेली सूचना. सारेलचा गोंधळ होणं साहजिकच होतं. ते हसू ओठांवर आलं, आणि तिथंच त्याला काहीतरी आडवं आलं.

"साखळी कसली, अंकल?" तिच्या शेजारी उभ्या असलेल्या अयाबुलेलानं विचारलं. ही घातपात शाखेतली नवी मुलगी, तिशीही न गाठलेली, मानेपर्यंत बारीक वेण्या, हातात पाटीएवढं यंत्र. ती हसली नव्हती. सारेल बाजूला सरकला. दाराच्या आडव्या दांड्याला आतल्या बाजूनं साखळी गुंडाळलेली होती, तिच्यात हाताच्या पंजाएवढं कुलूप. अयाबुलेलानं दोन्ही तळहातांनी दार ढकललं. साखळी करकरली, फटीतून वाऱ्याची एक शीळ आत आली, पण दार केसभरही हललं नाही.

हे दार ढकललं की उघडायला हवं. त्याच्यासाठीच ते होतं. पंपघराला खिडक्या नाहीत. आत धूर झाला तर या टोकाच्या माणसांनी अंगाच्या धक्क्यानं ते उघडून समुद्राकडच्या कठड्यावर यायचं. बाहेरून मात्र ते कुणाला उघडता येऊ नये. आतून ढकललं की उघडणारं, बाहेरून ओढलं तर न हलणारं. दोन्ही शाखांनी मिळून ठरवलेलं ते एकमेव दार असावं, आणि हेस्टरनं ते किती वेळा ढकललं असेल याची गणती नव्हती. दर वेळी ते उघडलं होतं. दर वेळी वाऱ्याचा भपका तोंडावर आला होता, केसांतले आकडे सुटले होते, आणि ती कठड्यावर जाऊन थर्मासमधला रूईबोसचा लाल चहा पीत उभी राहिली होती. खाली खडकांवर पाणी फुटायचं, लांबवर चोक्का, म्हणजे माकूळ, पकडणाऱ्या होड्या डुलायच्या. सगळ्या फेरीत हा एवढाच भाग तिचा स्वतःचा होता. बाकी सगळं कार्यालयाचं होतं.

"वाऱ्यानं खडखडतं हो ते," सारेल सांगत होता. "खिटी झिजलीय. दार जरा हललं की तिकडं पहाऱ्याच्या खोलीत घंटा वाजते. दिवसातून दहादा. म्हणून साखळी. तुम्ही यायच्या दिवशी काढतो, ते यायच्या दिवशी ठेवतो. तेव्हापासून कुणाचीच तक्रार नाही."

"आणि मधल्या दिवसांत?" अयाबुलेलानं विचारलं.

"मधल्या दिवसांत कोण येतंय?"

हेस्टरनं दाराला हात लावला. पत्रा थंड होता, त्याच्यावरचा हिरवा रंग खाऱ्या वाऱ्यानं फुगून आला होता. इतक्या वर्षांत आपण हे दार ओळखतो असं तिला वाटत होतं. आवाजावरून ओळखू, वजनावरून ओळखू. आणि ज्याला ती ओळखत होती ते दार तिच्या येण्याच्या दिवसापुरतंच तिथं असायचं. पाहुणे यायचे म्हणून चादर बदलावी तसं. एरवी तिथं दुसरंच दार होतं, तिनं कधीच न पाहिलेलं. ते भेलेच्या वाट्याचं होतं.

वेलिले माकालिमा त्याचं नाव, पण आदरानं हाक मारायची तर कुळाच्या नावानं मारायची, म्हणून तो सगळ्यांचा भेले. घातपात शाखेचा. तिच्या आधी एक आठवडा किंवा तिच्या नंतर एक आठवडा तो याच वाटांनी फिरत असे. कधीच एका आठवड्यात नाही. दोन शाखांनी एकमेकींच्या मतांवर दाब आणू नये म्हणून दोघांच्या तारखा मुद्दाम लांब ठेवलेल्या असत. त्यामुळं क्लिपडुइनमध्ये ती त्याला फक्त खुणांतून भेटत असे. पहाऱ्याच्या खोलीत कुणीतरी म्हणे, भेले गेल्या आठवड्यात येऊन गेला, कुंपणाच्या त्या कोपऱ्यावरून किती बोलला! उपाहारगृहातली बाई म्हणे, तुमच्या भेलेनं तीन वडे खाल्ले, चौथा खिशात घातला. "माझा नाही तो," हेस्टर म्हणे, आणि मग दिवसभर तिला उगाच हलकं वाटत राही. गावाच्या आदल्या वळणावर कुणाचं तरी घर आहे, आत्ता नाही पण कधीतरी थांबता येईल, असं माहीत असलं की प्रवास जसा वाटतो, तसं.

त्याच्याशी पहिल्यांदा नीट बोलणं झालं ते हुमान्सडॉर्पच्या एका चहाच्या दुकानात. खामटूस नदीच्या पुलाजवळ संत्र्यांचा ट्रक उलटला होता आणि रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. ती एक प्रशिक्षण आटोपून परतत होती, तो फेरी संपवून. दोघंही अडकून त्याच दुकानात येऊन बसले. त्याच्या कोटाचे दोन्ही खिसे संत्र्यांनी फुगलेले होते. "उचलली," तो म्हणाला, "रस्त्यावर नुसती लोळत होती. माझ्याकडं असं काय बघता? तुम्ही अपघातवाल्या ना, मग अपघात बघा, मला कशाला बघता?" दुकानदारणीनं तळलेल्या चोक्क्याची ताटली दोघांच्या मध्ये ठेवली, दोघं एकत्रच आलेत असं समजून, आणि दोघांपैकी कुणीच तिची समजूत दुरुस्त केली नाही. त्या काळी तेवढंसुद्धा धाडसाचं वाटे. गोऱ्यांची राजवट जाऊन काही वर्षं झाली होती, पण कोण कुणाबरोबर कुठं बसलंय हे बघायची डोळ्यांची सवय गेली नव्हती. मिश्र वंशाची चाळिशीची अविवाहित बाई आणि खेड्यात बायको असलेला खोसा जमातीचा काळा माणूस.

"तुमची शाखा ते समुद्राकडचं दार बंद करायला निघालीय म्हणे," ती म्हणाली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"करायलाच हवं. समुद्र काय, उघडाच आहे. उद्या कुणी होडीतून आलं तर?"

"आणि आत आग लागली तर माझी माणसं कुठून बाहेर पडतील? तुमच्या खिशातून?"

"तुमची माणसं ज्या दारानं बाहेर पडतील, त्याच दारानं माझा चोर आत येईल, बाई."

"येऊन नेईल काय? पंप? बसच्या टपावर टाकून?"

तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. हसताना तो डोळे मिटून घेत असे आणि टेबलाची कड पकडत असे. मग गंभीर होऊन म्हणाला, "आमच्या भाषेत तुमच्या कामाला आणि माझ्या कामाला एकच शब्द आहे. उखुसेलेको. माणूस नीट राहावा, एवढाच अर्थ. दोन शाखा इंग्रजीत झाल्या." चोक्क्याचा शेवटचा तुकडा त्यानं तिच्या बाजूला सरकवला. "आपण दोघं एकाच दिवशी का जात नाही? तुम्ही आतून ढकला, मी बाहेरून ओढतो. सकाळभरात सगळं कळेल."

"नियमात बसत नाही," ती म्हणाली होती.

नियम होता, हे खरंच होतं. पण ती नियमाचा विचार करत नव्हती. ती कार्यालयातल्या टंकलेखिकांचा विचार करत होती, एकाच सरकारी गाडीतून उतरताना त्या कशा बघतील याचा. आणि खेल्वनडेलच्या घरात पलंगाला खिळलेल्या आईचा, जिचे कान अजून तिखट होते. तो "बरं" म्हणाला. आग्रह करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. दारांच्या बाबतीत तेवढा करायचा. उठताना त्यानं टेबलावर तिच्यापुढं एक संत्रं ठेवलं. आणि पुढच्या फेरीला ती दार ढकलून कठड्यावर गेली, तर दगडाच्या कडेला, वाऱ्यानं उडू नये अशा खोबणीत, एक संत्रं होतं. आठवडाभराचं, साल जरा सुकलेली. तिनं ते तिथंच उभं राहून खाल्लं. बिया समुद्रात थुंकल्या. संत्र्यांचा हंगाम असेपर्यंत दर फेरीला एक असे. हंगाम संपला की काही नसे. मग पुढच्या वर्षी पुन्हा. एकदा तिनं एक घरी नेलं. आई ते हातात फिरवत म्हणाली, "सरकारी माणसं हल्ली फळं वाटतात वाटतं?" आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. दोघांचं त्यावर कधी एक अक्षर बोलणं झालं नाही. बैठकांत तो समोर बसे, दारांवरून आणि कुंपणांवरून तिच्याशी कडाकडा भांडे, आणि ती त्याच्याशी भांडे, आणि भांडण संपल्यावर तिला आठवडाभर कुठल्याच गोष्टीची घाई नसे.

"आंटी हेस्टर," अयाबुलेला म्हणत होती. "आंटी, ऐकलंत का हे? अंकल, पुन्हा सांगा."

सारेल पुन्हा सांगायला तयार नव्हता. कानावरची पेन्सिल काढून त्यानं परत लावली. "आमच्या इथल्या युलियसचं गं. मागच्या का त्याच्या मागच्या हिवाळ्यात. इथली एक मोटर जळाली, धूर झाला. युलियस या टोकाला होता. दारापाशी आला, तर साखळी. मग परत फिरला, धुरातून, त्या टोकापर्यंत. बाहेर आला, आला ना? चालत आला. खोकला मात्र धरला त्याला. आता शिड्या चढायचं काम देत नाहीत."

"कुणाला कळवलं?"

"मोटर जळाल्याचं कळवलं की."

हेस्टरच्या डोळ्यांसमोर युलियस नव्हता. तो तिला आठवतसुद्धा नव्हता, म्हणजे चेहरा आठवत नव्हता. तिच्यासमोर दोन हात होते, या थंड पत्र्यावर थापटणारे. जिथं आत्ता तिचा तळवा होता, बरोबर तिथं. त्या हिवाळ्यातली फेरी तिला स्पष्ट आठवत होती, कारण त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि लांब समुद्रात देवमाशांची एक जोडी दिसली होती. सारेलला तिनं बोलावून दाखवली होती. त्या दिवशी दार उघडंच होतं. किती दिवसांपुरतं? त्या सकाळपुरतं. तिच्या गाडीची धूळ रस्त्यावर बसेपर्यंत. तिच्या आतून काहीतरी हळूच निसटत गेल्यासारखं झालं; भरलेल्या घागरीला तळाशी भोक असावं आणि पाणी खाली पोचेपर्यंत कळू नये तसं. तिला रागसुद्धा येईना. सारेलचा नाही, स्वतःचा नाही. ती नुसती त्या सगळ्या स्वच्छ सकाळींकडं बघत राहिली.

व्यवस्थापक डेलपोर्ट मग स्वतः खाली आला. लाल चेहऱ्याचा, गडबडीत असलेला, वाईट नसलेला माणूस. साखळी बघून त्यानं सारेलकडं असं पाहिलं की सारेल आणखी वाकला. मग हेस्टरचा कोपर धरून तिला दोन पावलं बाजूला नेलं. "मिस फिलँडर, ही मी आत्ताच काढून टाकतो. खिटी उद्या बदलतो. शब्द देतो. पण आज ही नुसती रंगीत तालीम आहे ना? तालमीत कुणाचा पाय अडखळला, ते कुणी लिहून ठेवतं का?" मग त्यानं आवाज आणखी उतरवला. "शिवाय, खरं सांगू? ही नवी पद्धत तुम्हाला नकोय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही नकोय. दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसात. ही मुलगी आज साखळी लिहून गेली, तर संपलंच. म्हणतील, बघा, पहिल्याच फेरीत केवढं सापडलं! तुमच्या हातानं तिला आयतं कशाला देताय?"

तो म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. गेले कित्येक महिने हेस्टर या एकत्र फेरीच्या विरोधात बोलत आली होती. घाईघाईनं पाहिलेलं पाहिलेलं नसतं. केंद्र हातांनी, नाकानं, पायांनी ओळखावं लागतं. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या दिवशी बघितलं की एकाचं सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. हे ती मनापासून बोलत असे, आणि कार्यालयात तिच्या शब्दाला वजन होतं. तिनं नाही म्हटलं तर वरची माणसं थांबली असती. निदान ती वर्षअखेर निवृत्त होईपर्यंत तरी. आणि बोलताना दर वेळी तिच्या मनात केंद्र नसून तो कठडा असे. थर्मास, होड्या, दगडाच्या खोबणीतली सुकलेली साल. आपण जे राखतोय असं वाटत होतं ते हे होतं. एकाचं सुटलेलं दुसऱ्याला दिसतं! भेले बाहेरून ओढायचा आणि दार पहाडासारखं घट्ट असायचं. ती आतून ढकलायची आणि दार पिसासारखं उघडायचं. दोघांनी बरोबर म्हणून सही केली होती, आणि दोघांची सही खरी होती.

"अयाबुलेला," ती म्हणाली. "लिही. साखळी, खिटी, घंटा, आणि तो धुराचा दिवस."

"मिस हेस्टर..." सारेल म्हणाला. "माझं अजून एक वर्ष राहिलंय हो."

"तुझं नाव नाही येणार, सारेल. कुणी सांगितल्याशिवाय तू साखळी आणली नसशील." ती डेलपोर्टकडं बघत नव्हती, पण त्यानं मान वळवली. "माझं येईल. लिही गं, की याआधीच्या सगळ्या फेऱ्यांत हेस्टर फिलँडरनं हे दार तपासलं आणि ठीक म्हणून नोंदवलं."

"आंटी, तुमचं नाव कशाला? तुम्हाला फसवलं त्यांनी."

"मला कुणी फसवलं नाही. मी कधी न सांगता आले नाही, एवढंच."

सारेलनं कुलूप काढलं. साखळी जमिनीवर पडली तेव्हा तिचा केवढातरी आवाज झाला. वाऱ्यानं दार आपणहून उघडलं आणि भिंतीवर आपटलं, आणि कुठंतरी लांब घंटा वाजायला लागली. अयाबुलेला कठड्यावर जाऊन उभी राहिली. "काय सुंदर जागा आहे ही," ती म्हणाली, यंत्र छातीशी धरून. हेस्टर आतच थांबली.

परतीच्या वाटेवर गाडी मुलगीच चालवत होती. जेफ्रीज बेच्या पुढं टेकड्यांवरच्या पवनचक्क्या एका लयीत फिरत होत्या. हेस्टरला वाटलं, मुलगी मनातून खूश असेल. असायला हवी. पहिल्याच फेरीत असं काही सापडलं तर आपण त्या वयात गाडीत गाणं म्हटलं असतं. पण अयाबुलेलाचा चेहरा उतरलेला होता.

"तुम्ही नसता तर मला सापडलंच नसतं," ती एकदम म्हणाली. "त्या काकांनी मला विचारलंच नसतं. तुम्हाला बघून त्यांचा गोंधळ झाला. मी एकटी असते तर साखळी ठेवली असती आणि मी बाहेरून ओढून पुढं गेले असते."

"आणि मी एकटी असते तर काढली असती."

"म्हणजे दोघी होतो म्हणून."

"हो."

"मग इतके दिवस तुम्ही नकार का देत होता?" तिनं रागानं विचारलं नाही, तिला खरंच कळलं नव्हतं. "सगळे म्हणतात, एकत्र फेरी म्हणजे वेळ वाचतो. मला तसं वाटत नाही, आंटी. वाचलेला वेळ त्यांनी परत घ्यायचा नाही, आम्हाला द्यायचा. दारापाशी उभं राहायला. न सांगता पुन्हा यायला."

"हे लिहून दे त्यांना. माझ्या नावाखाली लिही. माझं म्हणणं मी बदललंय." बोलल्यावर तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. सोपं, आणि जरा थंडी वाजल्यासारखं. खामटूसचा पूल मागं गेला. दोन्ही बाजूंना फळबागा होत्या, रस्त्याकडेला जाळीच्या पिशव्यांतली संत्री विकायला मांडलेली होती. मुलीनं विचारलं, थांबायचं का. हेस्टर नको म्हणाली.

भेलेची बायको वारली तेव्हा तो रजेवर गेला आणि परत आला तो खोका भरायला. तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. खोक्यात एक कप, एक विजेरी, पावसाळी कोट. जमिनीला माणूस नाही तिकडं, तो म्हणाला. गुरं शेजारी सांभाळतो, पण शेजाऱ्याची गुरं लठ्ठ होतात आणि माझी रोडावतात. ती हसली. तिची आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. आता कुणाचेच कान तिखट नव्हते. खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. टंकलेखिकाही केव्हाच कमी केल्या होत्या. तिला वाटलं, आता तो काहीतरी बोलेल. त्यालाही बहुतेक वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. मग तो म्हणाला, "त्या समुद्राकडच्या दाराच्या बिजागऱ्या बदलायला सांग. खारानं खाल्ल्यात." ती म्हणाली, "सांगते." आणि तो खोका घेऊन जिना उतरला. वरच्या खिडकीतून बंदराकडचा रस्ता दिसत असे; वारा इतका होता की तो कोट धरून तिरका चालत होता. त्यानंतर नाताळाला फोन. आधी त्याचा, मग तिचा, मग एक वर्ष कुणाचाच नाही.

खेल्वनडेलच्या घरी ती पोचली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. शेजारच्या मुली फाटकावर झोके घेत होत्या. बूट न काढताच ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग वारा ऐकू आला, एक वासरू हंबरलं, आणि कुणीतरी ओरडल्यासारखं "हां?" म्हणालं.

"भेले, मी हेस्टर."

"कोण?"

"हेस्टर! क्लिपडुइन!"

"अगं हळू. बहिरा झालोय, मेलो नाही." पण आवाज लगेच उजळला होता. "थांब, सावलीत जातो. हां. बोल. काय पडलं? छप्पर?"

तिनं सगळं सांगितलं. सारेलनं विचारलेला प्रश्न सांगितला तेव्हा तो हसायला लागला. तेच डोळे मिटून हसणं; फोनवर दिसत नव्हतं तरी तिला दिसलं. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसला. "साखळी! त्या सारेलची... इतकी वर्षं!" मग तिनं युलियसचं सांगितलं. हसणं थांबलं.

"जगला ना तो?"

"जगला. खोकतो."

"हं." वाऱ्यात एक कोंबडा आरवला, नको त्या वेळी. "हेस्टर, मी ते दार ओढून बघायचो. केसाएवढं हलायचं नाही. बाकीच्या सगळ्या दारांना कुठं ना कुठं खेळ असायचा, त्याला नाही. मला वाटायचं, तू आतून सांगून पक्कं करून घेतलंयस. माझ्यासाठी. म्हणून तर ती संत्री..." तो थांबला. "मूर्खच मी."

हेस्टरनं टेबलावरचा मेणकापडाचा कोपरा बोटांनी सपाट केला. "ते मी ढकललं की जरासुद्धा जोर लागायचा नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, ते तू करून घेतलंयस."

रस्त्यावरून बर्फगोळेवाल्याची गाडी घंटी वाजवत गेली. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, आलं नाही. उलट छातीत जागा झाल्यासारखं वाटत होतं, एखाद्या खोलीतलं जुनं मोठं कपाट हलवल्यावर होते तशी. त्या सकाळी खोट्या होत्या, दार खोटं होतं; पण ज्याच्याकडून आलं असं समजून ती ते उघडत होती, तो माणूस खरा होता आणि आत्ता फोनच्या दुसऱ्या टोकाला नाक ओढत होता.

"तुझ्याकडं यायचा रस्ता कसा आहे?" तिनं विचारलं.

"माझ्याकडं?" तो म्हणाला. "केई नदीचा घाट उतरून वर आलं की बाजाराच्या गावापर्यंत डांबर. मग माती. मग आमचा ओढा. त्याला पूल नाही, दगडांवरून गाडी घालावी लागते."

"पाणी असतं?"

"पावसात छातीपर्यंत. मग महिना महिना इकडची माणसं इकडं आणि तिकडची तिकडं. बायका काठावर उभ्या राहून एकमेकींना ओरडून बातम्या सांगतात."

"आणि आत्ता?"

"आत्ता घोटाभर. बदकंसुद्धा चालत जातात."

"मग शनिवारी निघते," ती म्हणाली. "घोटाभर आहे तोवर."

त्यानं काहीतरी म्हटलं, पण ते तिला उद्देशून नव्हतं. फोन कानापासून लांब धरून तो अंगणात कुणालातरी ओरडून सांगत होता, की फाटकातली ती लाकडं आजच बाजूला ओढा, शनिवारी आत गाडी यायची आहे.